विमानाच्या पोटावरची मोहरी

गोंडपिपरीच्या पाहुण्यांना दादाजी बोरकुट्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मुलगी देखणी आहे, घरात लाकडाचं डाकोटा विमान आहे, आणि ते विमान करणारा आपला धाकटा भाऊ गुणवंतराव लढाईच्या सालात खरी विमानं उडवत होता. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी दादाजींनाही गेली दहा वर्षं खरीच वाटत आली होती, म्हणून तर ते ती इतकी ठासून सांगायचे. खोटं स्वतः रचलेलं असलं तर माणूस जरा जपून बोलतो.

या विमानाला ते चार वर्षं ‘गुणवंत्याचं मढं’ म्हणत आले होते. नव्या दारासाठी वाळत ठेवलेल्या शिवणीच्या ओंडक्याच्या फळ्या विमानाला लागल्या, त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नव्हते. पण माघात त्यांच्या मुलीच्या, रंभाच्या सोयरिकीची बोलणी निघाली, मुलाचे काका मुखरूजी लष्कराच्या विमानांवर ‘इंजिनेर’ होते असं कळलं, आणि एका रात्रीत मढ्याचं ‘आमचं विमान’ झालं. मुलाला बाप नव्हता, तेव्हा मुखरूजी म्हणतील ती पूर्व दिशा. मुखरूजींनी निरोप धाडला होता की पोरगी तर पाहूच, पण आधी विमान पाहू. ज्या घरातलं विमान बरोबर, ते घर बरोबर.

म्हणजे रंभाचं लग्न आता विमानावर बसलं होतं. आणि रंभाला मुलगा मनापासून पसंत होता. मंडईच्या जत्रेत तिनं त्याला पाहिलं होतं, त्यानं तिला पाहिलेलं तिनं पाहिलं होतं, आणि घरी येऊन वच्छलाकाकूला तिनं सरळ सांगितलं होतं, "करीन तं यालेच करीन. नाई तं मोहफुलं वेचत बसीन जन्मभर."

विमान होतं वच्छलाच्या खोलीत. वच्छला ही गुणवंतरावांची बायको. खोलीत विमान आलं तशी वच्छला रांधणीत निजायला गेली, ती चार वर्षं तिथंच चुलीच्या धुरात. विमान जमिनीवर ठेवलेलं नव्हतं. आढ्याला दोरांनी टांगलेलं होतं, माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. पाहायचं तर खालून पाहायचं. दादाजींनी कितीदा म्हटलं, की बाबा खाली उतरव, वरून तरी दिसू दे. गुणवंतराव म्हणायचे, विमान खालूनच पाहायचं असते. विमान उडवणाऱ्या माणसाचं हे बोलणं जरा चमत्कारिक आहे, हे घरात एकट्या वच्छलाच्या ध्यानात आलं होतं, आणि तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

काम मात्र नाव ठेवायला जागा नाही असं होतं. दहा हातांना एक हात या मापानं पंख सहा हात भरले होते. सांगाडा बांबूच्या कांबींचा, वर शिवणीच्या पातळ फळ्या, टायर सायकलच्या ट्यूबचे. चाकं दुमडून पंखांच्या पोटात जायची, पंखे बोटानं फिरायचे, शेपटीचं सुकाणू तारेनं हलायचं. आणि पोट तर पाहतच राहावं. पत्र्याचा जोड कुठे येतो, झाकण कुठे आहे, कुठल्या झाकणाभोवती खिळ्यांची ओळ एकेरी आणि कुठे दुहेरी, आतलं पाणी निथळायचं भोक कुठे, सगळं जिथल्या तिथं. ते खिळे म्हणजे मोहरीचे दाणे, बेलफळाच्या चिकानं चिकटवलेले. काकाजींनी खडूची रेघ मारायची आणि रंभानं सुईच्या टोकावर दाणा उचलून त्या रेघेवर ठेवायचा, असं दोन उन्हाळे चाललं होतं. पोट असं, आणि पाठ मात्र पाटासारखी कोरी. पाठीवर खिळा नाही, झाकण नाही, काही नाही. चांदीचा रंग फासून गुणवंतराव मोकळे झाले होते.

चालकाच्या खोलीची तर गंमतच होती. नाकावरचं झाकण उचललं की आत दिसायची एक खुर्ची, तहसीलदाराची असते तशी हातांची. खुर्चीपुढे दोन कासरे, एक डावीकडे ओढायचा, एक उजवीकडे. उजव्या हाताला खिळ्याला टांगलेला बोटभर कंदील, कारण विमान रात्रीही चालतं. कोपऱ्यात पिकदाणी. भिंतीत देवाला कोनाडा. दादाजी हे आल्यागेल्याला दाखवायचे आणि आलेगेले मान डोलवायचे, कारण विमानाच्या आत काय असतं हे सिंदेवाहीपासून पार भामरागडपर्यंत पाहिलेला कोणी त्यांच्या ओळखीत नव्हता.

रंग पाठीवरच संपला. पोटापुरता डबा आणायला गुणवंतराव पाहुण्यांच्या आधी चांद्याला गेले, आणि ते नाहीत असं पाहून पंखाला चीर गेली. चैताचं ऊन होतं ते.

चीर दादाजींना दिसली. ते गाडीबैलाचे जाणकार. चैतात गाडीचं चाक खडखडलं, आरे सैल झाले, तर चाक बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पुन्हा घट्ट बसतं. विमान बोडीत बुडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी धानाची पोती भिजवून विमान पोटापाठीसकट गुंडाळलं, सुतळीनं करकचून बांधलं, आणि बायकोला बजावलं, "रुखमा, सकाळसंध्याकाळ पानी मारत राहाजो. सुकू नोको देजो." रुखमानं इमानानं पाणी मारलं. ओल्या पोत्यात धानाचं बी दाबून मोड काढण्यात दादाजींचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. पण ते त्यांना सुचलं नाही. विमानाला चाकं होती, म्हणून त्यांनी त्याला गाडीत जमा धरलं, बियाण्यात नाही.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी चांद्याच्या छोट्या रेल्वेगाडीनं गुणवंतराव रंगाचा डबा घेऊन उतरले आणि खोलीत शिरून दारातच थांबले.

"हे काऊन गुंडाळलं?"

"चीर जात होती तुह्या विमानाले," दादाजी म्हणाले. "म्या वाचवलं. चार दिवस पानी पाजलं त्याले. आता पाय, कसं गच्च झालं असन."

"पोटाले बी बांधलं का?"

"पोट काय विमानाचं नसते?"

गुणवंतराव पुढे झाले. त्यांनी सुतळी कापली. पाठीवरचं आणि पंखांवरचं पोतं निघालं, चीर खरंच मिटलेली होती, आणि दादाजींनी सगळ्यांकडे पाहून घेतलं. मग पोटावरचं पोतं निघालं.

पोटाला मोड आले होते. पेराएवढे पिवळट-हिरवे कोंब, टोकाला दोन दोन पानं, आणि सगळे ओळीत. एकेरी ओळ तिथं एकेरी, दुहेरी तिथं दुहेरी. झाकणांभोवती हिरवे चौकोन उभे होते. निथळायच्या भोकातून पाण्याचा थेंब थांबून थांबून खाली पडत होता.

रुखमाच पहिल्यांदा म्हणाली, "हे तं उगवलं."

दादाजींनी एक कोंब बोटानं चाचपला. जन्मभराची सवय. "बी चांगलं होतं," ते म्हणाले.

वच्छलाला हसू आवरेना. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचं नाही, म्हणून ती रुखमाला म्हणाली, पण भासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "बाई, शेतकीवाले जपानी पद्धतीनं रोवना करा, जपानी पद्धतीनं करा म्हनून घसा कोरडा करून राह्यले, आन आपल्या घरचे आयकत नाई म्हनते. पाहा बरं, कशी सुतात ओळ आली. निंदन बी लागनार नाई."

"वच्छले, दात काढू नोको," रुखमा म्हणाली, पण तिचेही ओठ हलत होते. जावा-जावांचं पोळ्यापासून धड बोलणं नव्हतं, ते त्या विमानाखाली पुन्हा सुरू झालं.

रंभाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं. "काकाजी, खरडून काढू का?"

"खरडलं तं चिकाचे डाग पडन. खरूज झाल्यावानी दिसन."

"मंग करू का आता? ते येऊन राह्यले."

गावाच्या शिवेवरून गाडीच्या बैलांची घुंगरं ऐकू येतच होती. दादाजींनी कपाळावरचा घाम पुसला. दादाजींचं एक होतं, की डोकं चालायचं ते संकटातच, आणि तेही सरळ चालायचं नाही.

"गुणवंत्या, लढाईत विमान दुश्मनाले दिसू नाई म्हनून त्याच्यावर पाला टाकत होते, असं तूच सांगतलं होतं न?"

"ते जाळी टाकून त्याच्यावर..."

"मंग झालं. हे लढाईतलं विमान आहे. पाल्यासकट बनवलं आपन. जे ते आपल्या जागी सांगाचं, कोनी हासाचं नाई." आणि वच्छलाकडे न बघता ते रुखमाला म्हणाले, "जे हासन त्याले आज जेवन भेटनार नाई."

मुखरूजी चैताच्या उन्हात खाकी कोट घालून आले. काखेत छडी, खांद्यावर दुपट्टा. गोंडपिपरीत त्यांना कप्तान म्हणत, आणि ते म्हणू देत. सोबत दोन वडीलधारी होते, त्यांचं काम मुखरूजींच्या मागोमाग मान हलवणं. पाय धुऊन, पानसुपारी घेऊन ते छपरीत टेकले आणि वर छपराच्या कवेलूंकडे पाहत म्हणाले, "तुमी कवेलू फेरले वाटते दादाजी. आमचे राहूनच जाते. मागच्या पानकळ्यात आमची छपरी अशी गळली का बाज घेऊन घरभर फिरलो." वडीलधाऱ्यांनी मान हलवली.

रंभा पाण्याचा गडवा घेऊन आली. तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. धानाची रोवणी येते का विचारलं, येते म्हणाली. एवढ्यात मुलगी पाहून झाली. मुखरूजींनी छडी उचलली. "चला, विमान कुठी आहे?"

गुणवंतराव दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना पळून जावंसं वाटत होतं. चार वर्षांत अनेक माणसं विमान पाहून गेली, पण खरं विमान पाहिलेला हा पहिलाच. शिडीवरून एक दृष्टी टाकली की कोरी पाठ दिसेल, कासरे दिसतील, आणि हा माणूस हसेल. आपलं हसं झालं तर होऊ दे, पण पोरीचं लग्न आपल्यापायी मोडतंय, हे त्यांना सहन होत नव्हतं. खाली मान घालून ते वाट पाहत राहिले.

दादाजी उत्साहानं विमानाच्या ऐन पोटाखाली जाऊन उभे राहिले. वरून थेंब सुटला आणि त्यांच्या मानेवरून थेट पाठीत गेला. ते दचकले, पण यजमान माणूस, तसेच उभे राहिले. मुखरूजी नाकाकडून शेपटीकडे निघाले. वर पाहत, छडीनं ओळी दाखवत, सावकाश. भोकापाशी आले आणि छडी न थांबवता, बोलणं न थांबवता, त्यांनी दुपट्टा कॉलरवर ओढून उजवा खांदा चोरला आणि एक पाऊल बाजूला टाकून पुढे गेले. थेंब त्यांच्या मागे जमिनीवर पडला.

गुणवंतरावांनी मान वर केली.

तो खांदा त्यांना ओळखीचा होता, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. बंगालाकडच्या त्या लष्करी मैदानावर सगळी लढाई त्यांनी लांब दांड्याचा ब्रश घेऊन विमानांची पोटं धुण्यात घालवली होती. त्या भोकातून तेलकट, काळं पाणी यायचं, ते मानेवरून आत शिरलं की आठवडाभर अंगाला खाज. धुणारा माणूस पहिल्याच दिवशी तो वळसा शिकतो आणि मरेपर्यंत विसरत नाही. विमान चालवणारा त्या भोकाखाली कधी उभा राहत नाही. इंजिनेरही नाही. पाणी निथळेपर्यंत तो लांब सावलीत सिगरेट ओढत असतो.

"हे हिरवं काऊन आहे?" मुखरूजींनी विचारलं.

"लढाईचा पाला," दादाजी म्हणाले. "दुश्मनाले चकवासाठी."

"बरोबर आहे. आमी असंच करत होतो." माना हलल्या.

दादाजींनी शिडी लावून नाकावरचं झाकण उचललं. मुखरूजी दोन पायऱ्या चढले आणि आत पाहत राहिले. खुर्ची, कासरे, पिकदाणी, कोनाडा. दाराआड रंभानं काकूचा हात धरला होता.

"सारं बरोबर आहे," मुखरूजी शेवटी म्हणाले. "फक्त आमच्या विमानात कंदील डाव्या हाताले राहे."

आता गुणवंतरावांना काही शंका उरली नाही. आणि गंमत अशी की त्यांना राग आला नाही, आनंद झाला. दहा वर्षांत पहिल्यांदा समोर असा माणूस होता, ज्याच्याजवळ खरं बोलता आलं असतं. बाजूला बसून विचारता आलं असतं, की बाबा, तुझ्या मैदानावर साबण कोणता होता, ब्रश किती लांब होता, तुझीही मान सुजली होती का.

"पाह्यलं न?" दादाजी आता सुटले होते. "म्या तुमाले सांगतलं होतं. याच हातानं यानं जपानापर्यंत विमान नेलं आन वापस आनलं."

"भाऊ," गुणवंतराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "म्या कधी विमान..."

"राहू द्या, राहू द्या," मुखरूजी शिडीवरून घाईनं उतरले आणि त्यांनी गुणवंतरावांचा खांदा पकडला, जरा जास्तच घट्ट. "हे सांगनार नाई. मोठा मानूस आपल्या तोंडानं नाई सांगत. मले इचारा, मी ओळखतो. ह्या मानसानं जे विमान पाह्यलं, तेच म्या पाह्यलं. जिथून यानं पाह्यलं तिथूनच."

वडीलधाऱ्यांनी मान हलवली. यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, पण ते कळायला खोलीत घरचा एकच माणूस होता. दुसरी, वच्छला, दाराआड होती.

"सोयरीक पक्की समजा," मुखरूजी म्हणाले. "आन आंदनात भांडेकुंडे काही नोको. पोरीसंग हे विमान धाडा."

दादाजी तर टोपी उतरवून द्यायलाही तयार होते. "विमान? घेऊन जा न. आपलंच आहे."

"पोट तेवढं साफ करून द्याजा, खिळे पुन्हा लावून. रंग लावू नोका, डबाच द्या. पोळ्यापर्यंत छपरीत टांगतो. पोळ्याले सारं गाव गोळा राह्यते, तवा मी लावीन रंग, साऱ्यायच्या समोर." मग ते गुणवंतरावांच्या कानाशी झुकले, आणि आवाज एकदम गावातला झाला. "लोकायले माह्या हातात ब्रश दिसला पाह्यजे न, भाऊ. लई वर्षं झाले, लोक इचारून राह्यले का कप्तान, तुमी बनवता काय काही. आता तुमी नाई म्हटलं तं बोलनं निघन, का कोन काय करत होता. एकाचं निघालं का दोघाचं निघते. मंधात पोरगी आहे."

गुणवंतरावांनी दाराकडे पाहिलं. पडद्याखाली रंभाचा अंगठा जमीन टोकरत होता. दोन उन्हाळे त्या पोरीनं मान मोडेपर्यंत वर पाहत मोहरी चिकटवली होती, आणि काका, खरं विमान तुम्ही पाठीवरून कधी पाहिलं का, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं ती टाळत होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"न्या," ते म्हणाले.

जेवणं झाली, कुंकू लागलं, गाडी शिवेपार गेली. दादाजी गावात पेढे वाटायला निघाले आणि ‘कप्ताना’च्या सोबत आपल्या भावालाही त्यांनी दुपारपर्यंत कप्तान करून टाकलं. घरात उरलेले गुणवंतराव विमानाखाली जमिनीवर बसून होते. वच्छला केरसुणी घेऊन आत आली, पण तिनं झाडलं नाही.

"तुमी पोट धूत होते न?"

"कोनं सांगतलं?"

"चार वर्षं याच्याखाली झाडून राह्यली मी. पोटाचा एक खिळा चुकला नाई, आन पाठीवर एक बी नाई. सांगाची काय गरज आहे?"

गुणवंतरावांनी हाताच्या रेघा पाहिल्या. "तुह्या बापाले म्या उडवतो असं कधी म्हटलं नाई. तो म्हने, विमानावर होते न? म्या म्हटलं, होतो. पुढचं त्यानंच लावलं. मंग भावानं वाढवलं. मले मंधात बोलाले जागाच भेटली नाई."

"दहा वर्षं?"

गुणवंतरावांनी जमिनीवर पडलेला थेंब बोटानं पुसला.

"धुन्याची मले लाज नाई," वच्छला म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "एवढं मोठं विमान, कोनी तं धूनारच. मले राग याचा आहे का मी तिकडे धुरात निजली आन तुमी इकडे एकटेच खोटं बनवत बसले. पाठ बनवाच्या वक्ती मले तरी इचाराचं. म्या सांगतलं असतं."

"तुले का माहीत विमानाची पाठ कशी राह्यते?"

"आन तुमाले का माहीत होतं?"

गुणवंतराव हसले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, आणि उठून त्यांनी वरच्या हिरव्या ओळींवरून हात फिरवला, पिकावरून फिरवतात तसा. "तो गोंडपिपरीत सांगन का त्यानं बनवलं."

"सांगन."

"खालून पाहाले बी जागा राहनार नाई मले. मंग माह्याजवळ का राह्यलं, वच्छला?"

"खोली," ती म्हणाली. चार वर्षं तिला हीच खोली हवी होती. शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःचाच संताप आला. नवऱ्याच्या खोट्यावर ती चिडली होती हे खरं, पण ते खोटं निदान त्यानं स्वतःच्या हातानं, एकेक फळी तासून केलं होतं. हा कोटवाला काय, दुपट्टा ओढून आला आणि तयार माल गाडीत भरून चालला.

चार दिवसांनी रंभानं पोट साफ केलं. कोंब उपटले, डाग पुसले, काकाजींनी पुन्हा खडूच्या रेघा मारल्या. या वेळी ते ओळी विचारत होते, "इथी दुहेरी होती न?" आणि रंभा म्हणायची, "हो काकाजी," कारण डोळ्यांत आलेल्या पाण्यानं त्यांना रेघ दिसत नव्हती. तिला लग्नाचा आनंद होता आणि त्या आनंदाची तिला लाज वाटत होती. दोन्ही एकदम वाटतं, हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

"काकू," तिनं खोलीतून हाक मारली, "मोहरी दे. आन ह्या खेपेस भाजून दे, नाई तं पुन्हा उगवन."

"देतो," वच्छला म्हणाली.

चुलीवर तवा तापत होता. मोहरीचं गाडगं मांडीवर घेऊन वच्छला बसली. लग्न वैशाखात. विमान मुखरूजींच्या छपरीत टांगलं जाईल. मग पानकळा येईल, न फेरलेल्या कवेलूंतून पाणी टपकेल, आणि पोळ्याला सारा गाव गोळा होईल तेव्हा कप्तान हातात ब्रश घेऊन उभे असतील. मग त्यांना सांगू दे लढाईचा पाला. रंभाचं तोवर त्या घरात मूळ धरलेलं असेल, तिला कोणी उपटणार नाही.

तिनं चिमूटभर दाणे तव्यावर टाकले. ते तडतडले, खोलीत रंभाला ऐकू जातील इतके. बाकीची मोहरी तिनं तशीच डब्यात ओतली, झाकण लावलं आणि डबा नेऊन रंभाच्या हातात दिला.

"भाजली, काकू?"

"भाजली," वच्छला म्हणाली. "लाव आता. ओळ सरळ येऊ दे."